मधला शनिवार

उत्तम शुक्रवारी देवळात पाय ठेवायला जागा नसते. ईस्टरच्या पहाटेही नसते. मधला शनिवार मात्र बाजारहाट, घराची झाडलोट आणि उद्याच्या जेवणाची तयारी यांत निघून जातो. कॅथलिक देवळांत त्या दिवशी वेदी उघडी असते, रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा होत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी उपासनाच नसते. शुभवर्तमानांनीही या दिवसाला फार जागा दिलेली नाही. लूक सांगतो, गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथाचा विसावा घेतला. मत्तय सांगतो, मुख्य याजक आणि परूशी पिलाताकडे गेले, त्यांनी कबरेसाठी पहारा मागून घेतला आणि धोंडेवर शिक्का मारला. मार्क आणि योहान यांनी तर हा दिवस नुसता ओलांडला आहे. आणि येशू? तो त्या दिवशी मेलेला होता.

मरणानंतर माणसाचे काय होते, हा प्रश्न पडला की आपण ख्रिस्ती माणसे लगेच रविवारकडे धाव घेतो. आधी शनिवारी थांबावे असे मला वाटते. आपली सगळी गेलेली माणसे आज शनिवारातच आहेत. त्यांचा शुक्रवार होऊन गेला आहे आणि रविवार अजून यायचा आहे.

आपण मराठी माणसे ज्या हवेत वाढतो तिच्यात आत्म्याचे अमरत्व मुरलेले आहे. जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दाखला, ज्याने गीता कधी उघडली नाही त्यालाही ठाऊक असतो. शेजारचे लोक अंत्यविधीला येतात, हात जोडतात, आत्म्याला शांती लाभो म्हणतात. त्यांच्या मायेत काही खोट नाही. पण हळूहळू आपले लोकही तेच बोलू लागतात. दफनाच्या वेळी उपदेशक सांगतो की हे नुसते मातीचे घर, खरा माणूस कधीच वर गेला. घरच्यांना बरे वाटते, म्हणून कोणी हरकत घेत नाही. उपासनेत आपण जो प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो, त्यात मात्र अमर आत्म्याविषयी अवाक्षर नाही. तिथे शरीराच्या पुनरुत्थानावरचा विश्वास आहे. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जो मोठा मतांगीकार जोडला जातो, त्यातही मृतांच्या उठण्याची आणि येणाऱ्या युगाच्या जीवनाची वाट पाहिलेली आहे.

पहिल्या मंडळीला ही गोष्ट सोपी पडत नव्हती. अथेन्सला अरीयपगावर पौल बोलत होता तेव्हा मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काही श्रोत्यांनी थट्टा सुरू केली. आत्मा अमर आहे एवढेच तो म्हणाला असता, तर प्लेटोच्या त्या गावात कित्येकांनी मान डोलावली असती. त्याने ते केले नाही, कारण त्याची आशा दुसऱ्या मुळातून वर आलेली होती.

इस्राएलाच्या जुन्या समजुतीत मेलेला माणूस अधोलोकात जाई. तिथे काम नाही, ज्ञान नाही, देवाची स्तुतीही नाही. उपदेशकाच्या पुस्तकाने हे आडपडदा न ठेवता लिहून टाकले आहे. पुनरुत्थानाची आशा उशिरा आली आणि ती छळातून आली. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अंतियोख एपिफानेस राजाने यहुद्यांना नियमशास्त्र सोडायला भाग पाडले, जे ऐकेनात त्यांना मारले. त्या काळाच्या छायेत दानीएलाच्या शेवटच्या अध्यायात धुळीत निजलेले जागे होतात. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, जे कॅथलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बायबलात नाही, एका आईच्या देखत तिचे सात मुलगे एकामागून एक मारले जातात. त्यांतला तिसरा आपले हात स्वतःहून पुढे करतो. हे हात देवाने दिले आणि देवच ते परत देईल, अशी त्याची खात्री आहे. त्या मुलाला आत्म्याची सुटका नको होती, त्याला आपले हात हवे होते. ज्या देहावर अन्याय झाला त्याच देहाला न्याय मिळाला पाहिजे, ही या आशेची मुळातली मागणी आहे. अहमदनगर आणि जालना भागांत एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत महारवाड्या-मांगवाड्यांतून कितीतरी घरे ख्रिस्ती झाली. ज्या देहाची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, तोच देह देव सन्मानाने उभा करणार आहे, हे शिक्षण त्या घरांना केवळ परलोकाची गोष्ट म्हणून मिळाले नसणार.

१९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात ऑस्कर कुलमन या नव्या कराराच्या अभ्यासकाने एक व्याख्यान दिले. त्यात त्याने दोन मृत्यू शेजारी ठेवले. सॉक्रेटिस शिष्यांशी आत्म्याच्या अमरत्वाविषयी बोलत बोलत शांतपणे विषाचा प्याला घेतो. येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, जमिनीवर पालथा पडतो, प्याला टळावा म्हणून बापाला विनवतो, आणि एकट्याला राहवत नाही म्हणून झोपलेल्या शिष्यांना पुन्हा पुन्हा उठवायला येतो. कुलमनवर टीका पुष्कळ झाली. त्याने रेघ जरा जास्तच ठळक ओढली हे खरे आहे. त्या काळातल्या यहुद्यांमध्येही आत्म्याविषयी ग्रीक वळणाने बोलणारे होतेच. पण त्याने दाखवलेला फरक पुसता येत नाही. सॉक्रेटिसाच्या दारी मरण मित्र म्हणून येते. येशूला ते शत्रू म्हणून भेटते, आणि पौलाच्या लेखी मरण हा सगळ्यात शेवटी नाहीसा होणारा शत्रू आहे.

म्हणून बेथानीला येशू रडला. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. भाऊ शेवटच्या दिवशी उठेल हे मार्थेला ठाऊक होते, आणि तो आत्ताच बाहेर येणार हे येशूला ठाऊक होते. तरी तो रडला. अंत्यविधीत घरच्या बायकांना, विश्वासणाऱ्यांनी असे रडू नये म्हणून दटावणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांच्या मनात वाईट नसते, पण ते ख्रिस्तापेक्षा जास्त ख्रिस्ती होऊ पाहतात. सुमारे ५० साली पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले तेव्हा काही माणसे मेली होती आणि मागे राहिलेले घाबरले होते. त्याने त्यांना शोक करू नका असे सांगितले नाही. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, एवढेच सांगितले.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२१-२२ साली काढलेले एक चित्र आहे. सुमारे दोन मीटर लांब आणि जेमतेम एक फूट उंच. त्या चिंचोळ्या जागेत ख्रिस्ताचे प्रेत उताणे पडलेले आहे, बाकी काही नाही. तोंड उघडे, डोळे अर्धवट उघडे, हाताची आणि पायाची कातडी जखमांभोवती काळी-हिरवी पडलेली. १८६७ साली दस्तयेवस्कीने ते पाहिले आणि तो हलून गेला. पुढे त्याच्या ‘इडियट’ कादंबरीत हे चित्र एका घराच्या भिंतीवर येते आणि ते पाहून माणसाचा विश्वास जाऊ शकेल असा बोल तिथे निघतो. मला वाटते हे चित्र विश्वासाला धरूनच आहे. चित्रातला दिवस शनिवार आहे. येशू मेल्यासारखा झाला नव्हता, तो मेला होता. अरिमथाईकर योसेफ प्रेत मागायला आला तेव्हा पिलाताने शताधिपतीला बोलावून मरणाची खातरजमा करून घेतल्याचे मार्क मुद्दाम नोंदवतो. देवाने आपल्या पुत्राला मरणाला वळसा घालून पलीकडे नेले नाही. म्हणून आपल्याही माणसांविषयी आपल्याला खोटे गोड बोलावे लागत नाही. ती मेली आहेत, असे म्हणायला ख्रिस्ती विश्वासाला लाज वाटत नाही.

मग आज ती कुठे आहेत?

या प्रश्नावर मंडळी वीस शतके वाद घालत आली आहे. शास्त्रात त्याविषयी थोडे आहे, आणि जे आहे ते एका सुरात नाही. शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू त्याच दिवशी सुखलोकात आपल्यासोबत असण्याचे वचन देतो. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की निघून जाऊन ख्रिस्ताजवळ असणे फार बरे. तोच पौल मेलेल्यांना निजलेले म्हणतो. निजलेल्याला कळते का? ख्रिस्ताजवळ असलेल्याला कळत नसेल असे तरी कसे म्हणावे?

१३३१ सालच्या सर्व संतांच्या सणाला आव्हिन्यों शहरात पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचन केले. नीतिमानांचे आत्मे न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचे साक्षात दर्शन घेत नाहीत, असा त्यांचा विचार होता. केवढी खळबळ माजली. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला, फ्रान्सच्या राजाने विरोध केला. नव्वदीच्या घरातल्या पोपसाहेबांनी डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर आपले म्हणणे मागे घेतले. त्यांच्या जागी आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी निर्णय दिला, की शुद्ध झालेले आत्मे पुनरुत्थानाची वाट न पाहताच देवाला समोरासमोर पाहतात. ज्यांची शुद्धी बाकी आहे त्यांच्यासाठी कॅथलिक शिक्षणात शुद्धिस्थान आहे, आणि २ नोव्हेंबरला वसईपासून गोव्यापर्यंत कबरांवर ज्या मेणबत्त्या लागतात त्यांच्यामागे तोच विश्वास आहे. सुधारकांनी शुद्धिस्थान नाकारले, पण तेही आपसांत एकमत नव्हते. ल्यूथर मरणाला पुष्कळदा झोप म्हणे: माणूस डोळे मिटतो आणि उघडतो तो एकदम शेवटच्या दिवशी, मधला काळ त्याला जाणवत नाही. पंचविशीतल्या कॅल्विनने मात्र १५३४ साली आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्ध एक अख्खा ग्रंथ लिहिला. पुण्यातल्या स्पायसर महाविद्यालयामुळे आपल्याला माहीत असलेले सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आजही मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीही न जाणता निजलेला असतो.

या सगळ्यांत माझा कल कुठे आहे ते सांगतो. मी ख्रिस्ताजवळ असण्यावर भार टाकतो आणि त्यापुढचा नकाशा काढत नाही. आत्म्याला तिथे काय दिसते, किती कळते, आपल्याकडे त्याचे लक्ष असते का, याविषयी ठामपणे बोलणाऱ्याची मला भीती वाटते, कारण दुःखी माणूस त्याच्या प्रत्येक शब्दावर घर बांधतो. पण एक गोष्ट शास्त्रात स्पष्ट आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. मेलेलेही वाट पाहत आहेत. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात साक्षीपायी मारलेल्यांचे आत्मे वेदीखालून देवाला हाक मारून विचारतात, अजून किती काळ? त्यांना शुभ्र झगा मिळतो आणि थोडा वेळ आणखी थांबायला सांगितले जाते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात हाबेलापासून विश्वासाच्या पूर्वजांची लांब रांग उभी केली आहे, आणि शेवटी लेखक म्हणतो की आपल्यावाचून त्यांना पूर्णत्व मिळायचे नव्हते. हा विचार मला फार धीर देतो. आपण इथे अर्धवट आणि ते तिथे तृप्त, असे नाही. ते सुखात आहेत, तरी पुरे झालेले नाहीत. जो दिवस आपण मागतो तोच तेही मागतात.

थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना फार धीटपणे लिहून ठेवले आहे की आत्मा म्हणजे सगळा माणूस नव्हे, आणि आत्म्याचा बचाव झाला एवढ्याने त्या माणसाचा बचाव झाला असे होत नाही. आत्मा अमर मानणाऱ्या, देवाचे दर्शन त्याला आधीच मिळते असे शिकवणाऱ्या धर्मपंडिताने हे लिहिले आहे. माझी आजी म्हणजे तिचा आत्मा नव्हे. तिच्या बोटांना येणारा लसणाचा वास, तिचे ओरडणे, तिचे वाकलेले पाय, हे सगळे मिळून ती. तिचा आत्मा देवाजवळ सुखरूप आहे हे ऐकून मी आभार मानतो. मग मी पुढचे मागतो.

पुढचे म्हणजे काय? लाजर उठला तो जुन्याच आयुष्यात परतला, आणि त्याला पुन्हा मरावे लागले. येशूचे उठणे तसे नाही. तो ओळखू येत नाही: मग्दालीया मरीयेला माळी वाटतो, अम्माउसच्या वाटेवरच्या दोघांना कुणी वाटसरू वाटतो. मग तो नाव घेऊन हाक मारतो, भाकर मोडतो, आणि ओळख पटते. तो भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. बंद दारांच्या आत येतो. आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. पुनरुत्थानात जखमा पुसल्या गेल्या नाहीत, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. देवाला कोरा देह देता आला असता. त्याने भोगलेलाच देह उचलला. पौलाने करिंथकरांना यासाठी पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला: जमिनीत जाते ते एक, उगवून येते ते दुसरे, तरी तेच. शेतकऱ्याला त्यात नवल वाटत नाही. पौलाला मात्र वाटते, आणि तो सबंध अध्यायभर ते नवल वळवून वळवून पाहतो.

देहाची एवढी किंमत केल्यामुळे लोकांच्या मनात एक भीतीही राहिली. १७७ साली फ्रान्समधल्या लियों शहरात छळ करणाऱ्यांनी मारलेल्या ख्रिस्ती लोकांची प्रेते जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली, म्हणजे यांना पुन्हा उठायची आशाच उरायला नको. त्यांचा हिशेब चुकला, पण भीती मंडळीच्या मनातही शिरली असावी. दहन वर्ज्य ठरले, आणि कॅथलिक चर्चने त्याला परवानगी दिली ती थेट १९६३ साली. मुंबईत आता जागेच्या टंचाईने एकच कबर काही काळाने पुन्हा उघडावी लागते, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात, आणि म्हाताऱ्या माणसांना ते सोसवत नाही. त्यांना मोनिकेची गोष्ट सांगावी. ती आफ्रिकेतली, नवऱ्याच्या शेजारी आपल्याला पुरावे अशी तिची फार दिवसांची इच्छा. ३८७ साली रोमजवळ ओस्तियाला ती आजारी पडली. मुलांना काळजी, आई परक्या मुलखात जाणार. ती म्हणाली की देह कुठेही ठेवा. देवापासून काहीही दूर नाही, आणि शेवटी मला कुठून उठवायचे हे त्याला सापडणार नाही अशी भीती नाही. तिचा मुलगा ऑगस्टीन याने हे लिहून ठेवले. डोळ्यांतले पाणी त्याने आधी दाबून धरले, मग मोकळे सोडले, हेही त्याने लिहिले.

शनिवार सोसत नाही, हे फक्त आपलेच नाही. जागरणाचा विधी मुळात रात्रीचा. मध्ययुगात तो हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन बसला. नवा अग्नी, ईस्टरची मोठी मेणबत्ती, हालेलुया, सगळे भर उजेडात. मंडळीने शनिवार जवळजवळ गिळून टाकला होता. बाराव्या पायसनी १९५१ साली आधी प्रयोग म्हणून आणि १९५५ साली नियम करून तो विधी पुन्हा अंधारात नेला. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. ज्या घरात गेल्या महिन्यात माणूस गेले आहे, त्या घराला वर्षातला हा एक दिवस तरी आपला वाटू शकतो.

आणि तरी हा दिवस रिकामा नाही. प्रेषितांच्या मतांगीकारात ‘पुरला गेला’ आणि ‘तिसऱ्या दिवशी उठला’ यांच्या मध्ये एक छोटे वाक्य आहे, तो अधोलोकात उतरला असे सांगणारे. रोमच्या जुन्या मतांगीकारात ते नव्हते, इ.स. ४०० नंतर थोड्याच वर्षांत ऍक्विलियाच्या रुफिनसने आपल्याकडच्या मतांगीकारावर लिहिताना त्याची नोंद केली आहे. त्याला आधार पेत्राच्या पहिल्या पत्राचा, जिथे ख्रिस्त बंदीत असलेल्या आत्म्यांना घोषणा करतो आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली जाते. कॅल्विनने त्याचा अर्थ वधस्तंभावरच्या मानसिक यातनांशी लावला. अमेरिकी मेथडिस्ट परंपरेने पुष्कळ काळ ते वाक्यच गाळले. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मात्र त्यालाच पुनरुत्थानाचे चित्र केले. इस्तंबूलच्या कोरा देवळात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक भित्तिचित्र आहे. ख्रिस्त शुभ्र वस्त्रांत, पायांखाली मोडलेली दारे, विखुरलेली कुलपे आणि किल्ल्या. एका हाताने त्याने म्हाताऱ्या आदामाचे मनगट धरले आहे, दुसऱ्या हाताने हव्वेचे, आणि तो दोघांना कबरेतून ओढतो आहे. पंजा नाही, मनगट. त्यांनी त्याला धरायची गरज नाही.

आपल्याकडच्या मंडळीत या वाक्याला आणखी एक वजन आहे. आपले पूर्वज फार थोड्या पिढ्यांमागे ख्रिस्ताचे नाव न ऐकता गेले. त्यांचे काय? फ्रान्सिस झेवियर जपानात असताना नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला हेच विचारले. त्याने आपल्या शिक्षणाप्रमाणे सांगितले की त्यांच्यासाठी आता उपाय नाही. लोक आपल्या आई-बापांसाठी रडत, आणि ते पाहून त्यालाही आपले अश्रू आवरणे कठीण जाई, असे त्याने १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना लिहिले आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो गेला. त्याचा देह गोव्याच्या बाँ जेझु देवळात आहे, आणि दर दहा वर्षांनी लाखो लोक त्याच्या दर्शनाला येतात. त्याच्या धैर्याविषयी मला आदर आहे. पण त्या उत्तरापेक्षा त्याचे अश्रू मला जास्त खरे वाटतात. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की आपला दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. हे सगळ्या मंडळ्या मानतात असे नाही.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ साली गेले, दुष्काळात, तीर्थयात्रा करत फिरताना. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, बाप्तिस्मा पुढे नऊ वर्षांनी झाला. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की दृष्टी गेलेल्या वडिलांनी त्यांना कवेत घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि देवाच्या हाती सोपवले. आणि अनोळखी देवाला केलेली ती प्रार्थना खऱ्या देवाने ऐकली असे त्या मानतात. मग आई गेली. मोठ्या बहिणीनंतर १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर चालू होते, आणि २४ जुलै १९२१ रोजी एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई भाषांतराचे काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मुलीनंतरचे ते आठ-नऊ महिने मला त्यांच्या आयुष्यातला शनिवार वाटतात. त्यांचे मृत दोन प्रकारचे होते: मनोरमा ख्रिस्तात निजलेली, आणि अनंतशास्त्री ख्रिस्ताचे नाव न घेता गेलेले. त्या दोघांना एकाच आशेत धरायचे तर मेलेल्यांच्या घरात स्वतः उतरलेला ख्रिस्तच हवा. मतांगीकारातले ते छोटे वाक्य कुणी अवघड म्हणून वगळायला निघाला, तर मी माझ्या पूर्वजांच्या नावाने त्याला हरकत घेईन.